रथाची खीळ

वार्षिक अंकासाठी दर वर्षी काहीतरी लिहून द्यावे अशी संपादक-मंडळाची आम्हांस आज्ञा असते. आणि दर वर्षी आम्ही एखादा ऋतू, एखादे पुस्तक किंवा एखादा दिवंगत साहित्यिक यांच्या आश्रयाने त्या आज्ञेतून सुटतो. यंदा मात्र सुटका नाही. नववीच्या वर्गाने आम्हांस विषयच नेमून दिला आहे, आणि तो विषय आहे लढाऊ हेलिकॉप्टर! आम्ही कलाशाखेचे पदवीधर; मातृभाषा कोकणी, चाकरी मराठी शिकविण्याची, आणि वस्ती समुद्रापासून शेकडो कोस दूर, संत्र्यांच्या या मुलखात. घरातल्या शिवणयंत्राची सुई बदलायची झाली तरी ती आमची पत्नी बदलते. अशा माणसाने गगनविहारी युद्धयंत्रावर लेख लिहावा, या कल्पनेनेच वर्गात हशा पिकला होता.

परंतु मुलांच्या या छंदाकडे आम्ही काही दिवसांपासून कुतूहलाने पाहत आहोत. वह्यांच्या वेष्टनांवर पूर्वी क्रिकेटपटू असत. आता तेथे 'अपाचे' आणि 'प्रचंड' विराजमान झाले आहेत. ज्या विद्यार्थ्यास समासाचे चार प्रकार पाठ होत नाहीत, तो अपाचेची सारी शस्त्रे एका दमात सांगतो : नाकाखाली ३० मिलिमीटरची तोफ, पंखांखाली रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे, डोक्यावर पातेल्यासारखे दिसणारे रडार, पुढे शस्त्रे चालविणारा आणि मागे उंचावर वैमानिक. हे सारे अचूक असते. मात्र एकदा आम्ही सहज विचारले, "अरे, हे मोडले तर?" तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. मोडेल कसे? शत्रूने पाडले तर पडेल. एरवी मोडेल कसे?

मुलांचा हा भाबडेपणा फार जुना आहे. आपल्या कथापुराणांतही रथांची, ध्वजांची आणि धनुष्यांची वर्णने पानेच्या पाने चालतात. रथाची चाके कोण तपासत असे, हे क्वचितच कोणी सांगते. एका कथेत मात्र ते चाक स्वतःच बोलून जाते. देवासुरांच्या युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निखळली, चाक निसटू लागले, आणि शेजारी बसलेल्या कैकेयीने खिळीच्या जागी आपले बोट घालून रथ सावरला, असे आमची आजी सांगत असे. प्रसन्न झालेल्या राजाने दोन वर दिले. त्या वरांतून पुढे वनवास निघाला, सीताहरण निघाले, लंकादहन निघाले. रथात एक जादा खीळ असती, तर हा सारा प्रकार टळला असता! आजीस हा विचार कधी सुचला नसावा. आम्हांस तो लहानपणापासून सुचत आलेला आहे, आणि त्याला कारण आमचे मामा.

मामा काणकोणच्या किनाऱ्यावर मासेमारी करीत. त्यांच्या होडीला मागे लावायचे लहान इंजिन होते. त्या इंजिनाच्या पंख्याच्या दांड्यात आडवी बसविलेली एक नरम धातूची पिन असे. पंखा खडकावर आपटला की ती पिन तुटे. पंखा मोकळा होई आणि आतील दंतचक्रे वाचत. म्हणजे ती पिन तुटण्यासाठीच घडविलेली होती. मामांच्या तंबाखूच्या डबीत तंबाखूच्या बरोबरीने अशा पाच-सहा पिना नेहमी असत. समुद्रावर निघताना ते देवाला नमस्कार करीत आणि मग डबी हलवून पाहत. "पिन मोडूं दी रे, पंखो उरूं दी," असे ते म्हणत. पिन मोडू दे, पंखा उरू दे. मोडणे हेही एखाद्या वस्तूचे काम असू शकते, हे आम्ही कोणत्याही पुस्तकातून शिकण्याआधी त्या डबीपासून शिकलो.

हेलिकॉप्टरात नेमका याच्या उलट न्याय आहे. होडीचे इंजिन बंद पडले तर माणूस वल्हे हाती घेतो. आकाशात वल्हे नाही. तेथे मुख्य भाग मोडता उपयोगी नाही. म्हणून तो मोडण्यापूर्वी काढावा लागतो, अगदी धडधाकट दिसत असताना काढावा लागतो. प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजलेले असते. इतके तास भरले की तो भाग निघालाच पाहिजे, मग तो आरशासारखा लखलखत का असेना. मनुष्यांच्या नोकरीत निवृत्तीचे वय असते, तसेच हे. फरक एवढाच की येथे मुदतवाढीसाठी कोणाकडे वशिला लावता येत नाही.

साध्या विमानाहून हेलिकॉप्टर हे भागांचे अधिक भुकेले का, हे समजावून घेताना आम्हांस आमच्या घरातल्या जात्याचा उपयोग झाला. जात्याची वरची तळी फिरते तेव्हा खालची तळी जमिनीत घट्ट बसविलेली असावी लागते. ती सैल असली तर तीही फिरू पाहते. हेलिकॉप्टर हे हवेत टांगलेले जाते आहे. वरची पाती एका दिशेने फिरू लागली की खालचे धूड दुसऱ्या दिशेने फिरू पाहते. त्याला धरून ठेवण्यासाठी जमीन नाही, म्हणून शेपटीस एक लहान पंखा लावून ते धूड सरळ ठेवावे लागते. साध्या विमानाचे पंख स्थिर असतात. वाऱ्यावर तोलले की ते तोलून धरतात. हेलिकॉप्टरचा पंख हाच फिरणारा, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक पाते थोडे वळते, थोडे वाकते, थोडे वर उचलले जाते. वैमानिकाच्या हातातील दांड्याची आज्ञा त्या फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवावयाची तर मध्ये एक विलक्षण दुभाषा लागतो. त्याला स्वॅशप्लेट म्हणतात. एकावर एक बसविलेल्या दोन कड्या. खालची न फिरता नुसती कलते, वरची पात्यांबरोबर फिरते आणि खालचीचा कल जसाच्या तसा पात्यांना सांगते. दोन भाषांच्या मधोमध उभे राहून एकीचे म्हणणे दुसरीत सांगणे किती झिजविणारे असते, ते कोकणी बोलून मराठी शिकविणाऱ्या आम्हांस कोणी सांगावयास नको. त्यात अखंड कंपने. यंत्र उडत असते तेव्हा त्याचा कण न् कण थरथरत असतो, आणि थरथरणाऱ्या धातूस कालांतराने थकवा येतो. धातूलाही थकवा येतो, हा शब्द अभियंत्यांचाच आहे. आम्ही काव्य करीत नाही.

'नट' हा शब्द आमच्या विषयात रंगभूमीवरील कलावंतासाठी आहे. नट आला नाही तर नाटक होत नाही, एवढे आम्हांस ठाऊक होते. २०१८ साली अमेरिकेच्या सैन्याने हाच धडा दुसऱ्या अर्थाने घेतला. अपाचेच्या प्रत्येक मुख्य पात्यास धरून ठेवणाऱ्या जोडणीत एक मोठे नट असते. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत त्या नटाला गंज धरतो आणि ताणाखाली त्यास चिरा पडू शकतात, असे आढळले. झाले! जगातील सर्वांत बलाढ्य म्हणविणाऱ्या सैन्याने नवी अपाचे हेलिकॉप्टरे कारखान्यातून ताब्यात घेणेच थांबविले. कित्येक महिने गेले. सुधारलेले नट तयार झाल्यावर त्या वर्षाच्या ऑगस्टअखेर यंत्रे पुन्हा ताब्यात घेण्यास आरंभ झाला. क्षेपणास्त्रे तयार, रडार तयार, वैमानिक तयार. आणि नट नाही म्हणून पडदा उघडत नाही. त्याच अमेरिकेच्या वैमानिकांत एक जुना शब्द आहे. काही हेलिकॉप्टरांत मुख्य पाती ज्या एकाच नटाने दांड्यावर धरलेली असतात, त्या नटास ते 'येशूचे नट' म्हणत. ते निसटले तर पुढे प्रार्थनेखेरीज काही उरत नाही. आमच्या गावी शेजारी ख्रिस्ती घरे आहेत. तेथील एका वृद्धेस आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पण बाबा, पिळून घट्ट करायचे काम येशूवर टाकू नये."

आपल्या देशात खास हल्ल्यासाठी बनविलेली हेलिकॉप्टरे आली ती १९८४ साली, सोव्हिएत रशियातून. मिल कंपनीचे एमआय-२५ हे त्यांचे नाव. पोटात आठ सैनिक बसतील एवढी जागा आणि बाहेर तोफा व अग्निबाण, असे ते अवजड यंत्र श्रीलंकेत १९८७ साली आपल्या शांतिसेनेबरोबर गेले होते. मागाहून त्याचे धाकटे भावंड एमआय-३५ आले. येथे भूगोलाच्या शिक्षकांनी क्षणभर कान द्यावा. एमआय-३५ जेथे बांधले जाई ते रोस्तोव शहर रशियात. आणि या जातीच्या हेलिकॉप्टरांची इंजिने जेथे होत ते झापोरिझ्झिया युक्रेनमध्ये. १९९१ पर्यंत हा एकाच देशातला घरगुती मामला होता. त्या वर्षी सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि एका यंत्राचे धड एका राष्ट्रात व हृदय दुसऱ्या राष्ट्रात अशी स्थिती झाली. पुढे त्या दोन राष्ट्रांत युद्धच जुंपले. नकाशावरची एक रेष हलली म्हणजे हजारो कोसांवरच्या एखाद्या गुदामातील मांडणी रिकामी पडते, हे आम्ही इतिहास शिकताना कोणी आम्हांस सांगितले नव्हते. भाग वेळेवर मिळेनासे झाले की कोठलाही कारागीर जे करतो तेच सैन्येही करतात : दोन यंत्रे चालू ठेवण्यासाठी तिसऱ्याचे अवयव काढतात. आमच्या गावाकडे जुन्या एस.टी.च्या आगारात हाच प्रकार चाले. कोपऱ्यात उभी असलेली एखादी गाडी दर महिन्यास थोडी थोडी नाहीशी होई.

१९९९ च्या कारगिल युद्धात दुसरी उणीव ध्यानी आली. लढाई चालली होती ती हिमशिखरांवर. तेथील विरळ हवेत शस्त्रांसह चढणे या जड यंत्रांस साधेना. त्या अनुभवातून आपल्याच देशात हलके लढाऊ हेलिकॉप्टर बांधण्याचा विचार दृढ झाला. बेंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले ते यंत्र प्रथम २९ मार्च २०१० रोजी उडाले, आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे 'प्रचंड' हे नाव घेऊन वायुसेनेत दाखल झाले. पाच हजार मीटर उंचीवर शस्त्रांसह उतरावे व पुन्हा उडावे, ही त्याची ख्याती. २८ मार्च २०२५ रोजी आणखी १५६ प्रचंडांचा करार झाला आहे. मुलांनी हे आकडे आमच्याआधी पाठ केले होते. त्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट इतकीच की १५६ यंत्रे म्हणजे तीस-चाळीस वर्षे पुरवावयाचे लाखो सुटे भाग. आणि ते कोणीतरी घडवावयाचे, मोजावयाचे, बसवावयाचे, काढावयाचे आहेत.

हा 'कोणीतरी' कोण, याचा शोध आम्हांस फार दूर करावा लागला नाही. सौंसरहून मोटारीने किंवा पांढुर्ण्याहून आगगाडीने निघालो की दोन-अडीच तासांत नागपूर येते. त्या नागपुरास भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. देशातील इतर बहुतेक कमांडांची नावे दिशांवरून पडलेली, पश्चिम, पूर्व, दक्षिण अशी. हिचे नाव कामावरून पडलेले. दुरुस्तीचे डेपो व सामानाची कोठारे या कमांडच्या हाताखाली देशभर पसरलेली आहेत. चंडीगडच्या डेपोत रशियन बनावटीची हेलिकॉप्टरे सांगाड्यापर्यंत उघडून पुन्हा जोडली जातात. आमची मुले नागपुरास जाऊन फुटाळ्याचा तलाव पाहतात, दीक्षाभूमी पाहतात, संत्राबर्फी आणतात. रस्त्याकडेच्या त्या लांबलचक भिंतीपलीकडे काय चालते, हे त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही.

आम्हांस भेटला. आमचाच एक जुना विद्यार्थी. मराठीत तो बेताचाच होता, पण त्याची वही मात्र अशी की खाडाखोड असलेले पान तो फाडून पुन्हा लिहून काढी. दहा वर्षांमागे तो वायुसेनेत वायुसैनिक म्हणून भरती झाला. आता उत्तरेकडील एका तळावर हेलिकॉप्टरांच्या देखभालीचे काम करतो. गेल्या पोळ्यास तो रजेवर आला होता. वडिलांच्या संत्र्याच्या बागेत बसून आमचे बोलणे झाले. आपण होऊन फार बोलणारा तो नव्हे. आम्ही विचारीत गेलो, आणि तो उत्तरे देत गेला. पुस्तकी मराठी आमच्यासाठी, आणि मधूनच पांढुर्ण्याची.

"सर, गावात लोकं इचारते, 'तू इमान चालवतं काय?' मी म्हणतो, नाही. मंग ते म्हणते, 'म्हंजे नटबोल्ट आवळतं!' आन् हसते."

हसणाऱ्यांत त्याचे होणारे सासरेही होते, असे पुढे कळले. ठरत आलेली सोयरीक त्या हसण्यावर मोडली. मुलगी देणाऱ्यांस वैमानिक हवा होता, निदान वैमानिकासारखा दिसणारा. हे सांगताना त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. आम्हांस मात्र तो आला. कारण 'नटबोल्ट आवळणे' म्हणजे काय, ते त्याने अर्ध्या तासापूर्वीच आम्हांस सांगितले होते.

पाना लावून जीव खाऊन पिळणे, ही आमची आवळण्याची कल्पना. तेथे तसे चालत नाही. प्रत्येक नट किती जोराने आवळावयाचे याचे माप ठरलेले असते. ते माप दाखविणारा निराळा पाना असतो. कमी आवळले तर सुटते, जास्त आवळले तर आतून ताणून फुटते. आवळल्यावर बारीक तार अशा बेताने गुंडाळावयाची की नट सैल होऊ लागले तर तारच त्याला परत आवळण्याच्या दिशेने ओढील. काम सुरू करण्यापूर्वी हत्यारे मोजून घ्यावयाची, संपल्यावर मोजून ठेवावयाची. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगविलेली असते. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती डोळ्यांत भरते. एकदा संध्याकाळी एक लहान पेचकस मोजदादीत कमी आला. यंत्र दुसऱ्या दिवशी पहाटे निघावयाचे होते. ते रोखले गेले. माणसे गुडघ्यांवर बसून रात्री साडेअकरापर्यंत शोधीत होती. पेचकस सापडला तो एकाच्या अंगरख्याच्या फाटक्या अस्तरात. कोणी कोणास शिवी दिली नाही, असे तो म्हणाला, आणि त्याने जे यानंतर सांगितले ते ऐकून आम्हांस आमचा शिक्षकवर्ग आठवला : ज्याच्या अंगरख्यात तो सापडला, त्यानेच आपण होऊन 'मोजणीत एक कमी आहे' असे सांगितले होते. तेथे हे सांगणाऱ्यास शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

तेलाची गोष्ट आम्हांस सर्वांत आवडली. दंतचक्रांच्या पेटीतील तेलात एक चुंबक बसविलेला असतो. कोठे काही झिजू लागले की लोखंडाचे सूक्ष्म कण तेलातून येऊन त्या चुंबकास चिकटतात. तो काढून भिंगाखाली पाहावयाचा. पिठासारखी बारीक पूड असेल तर साधारण झीज. पापुद्र्यासारखा कण असेल तर आत काहीतरी सोलले जात आहे. वैद्य नाडी पाहतो तसे हे यंत्राच्या रक्ताचे परीक्षण आहे. "यंत्र आधी सांगते, सर," तो म्हणाला. "आपण ऐकलं पाहिजे."

आणि सही. प्रत्येक भागाची जन्मपत्रिका असते : क्रमांक, तो किती तास उडाला, कोणत्या यंत्रातून कोणत्या यंत्रात गेला, कोणी बसविला, कोणी तपासला. बसविणारा एक आणि तपासणारा दुसरा. दोघांच्या सह्या झाल्याविना यंत्र हलत नाही. "मी उडवत नाही. मी सही करतो, मंग ते उडते. आन् परत येईपर्यंत मी जेवत नाही," असे तो म्हणाला, आणि जणू काही विशेष बोललोच नाही अशा थाटात शेजारच्या झाडावरचे एक संत्रे तोडून त्याने आमच्या हातावर ठेवले. आम्हीही वर्षास शेकडो प्रगतिपुस्तकांवर सह्या करतो. सही केल्यावर आमचे जेवण कधी अडलेले नाही.

तो हे का म्हणाला, ते वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस सांगावयास नको. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे 'ध्रुव' हेलिकॉप्टर कोसळून तिघांचे प्राण गेले. हे ध्रुव म्हणजे प्रचंडचा थोरला भाऊ. दोघांच्या रचनेत पुष्कळ साम्य आहे. चौकशीत जे प्रथम हाती लागले ते स्वॅशप्लेटला गेलेला तडा. तोच तो दुभाषा! वैमानिकाने आज्ञा दिली असेल, पाती फिरत असतील. मधला निरोप्या मोडला. त्यानंतर देशातील तीनशेहून अधिक ध्रुव हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर बसवून ठेवण्यात आली, आणि एकेकाची तपासणी होऊन मगच त्यांना पुन्हा आकाश दिसले. पुष्कळांनी त्या काळात टीका केली की यंत्रे उडत नाहीत ही देशास लाज आहे. आमचे मत उलट आहे. कारण उमगेपर्यंत तीनशे यंत्रांना 'थांबा' म्हणणे, यास लाज नव्हे, धैर्य लागते.

येथपर्यंत लिहून झाल्यावर आमच्या लेखणीस एक अडखळ येते, आणि ती लपविण्याचे कारण नाही. ज्या यंत्राच्या निगराणीचे आम्ही इतके कौतुक करीत आहोत, त्याचे काम माणसे मारणे हे आहे. अपाचे काय किंवा प्रचंड काय, ती संत्र्यांच्या पेट्या वाहून नेत नाहीत. पांढुर्ण्यात राहणाऱ्या माणसास हा प्रश्न सोपा करून सांगता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांची माणसे एकमेकांवर गोटे फेकतात. ही गोटमार देशभर ठाऊक आहे. दर वर्षी डोकी फुटतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. गोटा हे एकमेव शस्त्र असे की ज्याला सुटा भाग लागत नाही. नदीच पुरवठा करते. ज्याला निगा लागत नाही त्या शस्त्रास थांबविणाराही कोणी नसतो. निगा लागणाऱ्या शस्त्राभोवती निदान वह्या असतात, मोजण्या असतात, 'आज नाही' असे म्हणण्याचा अधिकार असलेली एक सही असते. एवढ्याने हिंसेचा प्रश्न सुटतो असे आम्ही म्हणत नाही. आमचा तो विद्यार्थी त्या दुपारी गोटमार पाहावयास गेला नाही, एवढे आम्ही पाहिले.

आता मुलांच्या आवडीच्या अपाचेकडे वळू; कारण येथे आम्हांस थोडी घरची बढाई मारावयाची आहे. वायुसेनेसाठी २२ अपाचे घेण्याचा करार सप्टेंबर २०१५ मध्ये झाला, तेव्हा संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. पहिली आठ यंत्रे सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोट येथे दाखल झाली. पायदळासाठी आणखी सहा मागविली, ती ठरल्याहून पुष्कळ उशिरा, २०२५ साली येऊ लागली. विलंबाचे कारण पुन्हा तेच, भागांच्या पुरवठ्याची अडलेली साखळी. आणि या अमेरिकी यंत्राचे धड बनते कोठे? हैदराबादेस! टाटा व बोइंग यांच्या तेथील कारखान्यातून २०१८ पासून अपाचेची धडे अमेरिकेस जातात. आमच्या पांढुर्ण्यावरून रोज गाड्या हैदराबादेकडे धडधडत जातात. त्यांतून एखादा आयटीआय झालेला मुलगा त्या कारखान्यात जात असेलही.

दुसरी बढाई अधिक घरची आहे. प्रचंडला उडविणाऱ्या इंजिनाचे नाव 'शक्ती'. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि फ्रान्सची साफ्रान कंपनी यांनी ते मिळून तयार केले. आणि त्या इंजिनांच्या तपासणी-दुरुस्तीसाठी त्या दोघांनी मिळून केंद्र उभारले ते गोव्यात, सत्तरी तालुक्यात. आमच्या मावशीचे घर त्याच तालुक्यात. काजूच्या बोंडांचा वास, म्हादईचे पाणी आणि दुपारच्या वेळी एकही माणूस न दिसणारे रस्ते, एवढीच सत्तरी आम्हांस ठाऊक होती. आता हिमालयावर दमलेली इंजिने तेथे येऊन उघडली जावयाची. मावशीस हे सांगितले तर ती विचारील, "जेवतात कुठे ती माणसे?"

हे सारे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी ऐकून घेतले, पण त्यांचा जीव तोफेतच अडकलेला दिसला. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र दाराशी थांबली. तिचे वडील सौंसरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करतात. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तेव्हापासून त्या रस्त्याची रहदारी आणि त्यांचे काम दोन्ही वाढले आहे, असे तिने एका निबंधात लिहिले होते. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांस हत्यारे देते, आणि कोणत्या नटाला कितीचा पाना लागतो हे तिला न पाहता कळते. तिला दोन गोष्टी विचारावयाच्या होत्या. ते गोव्यातले इंजिनांचे केंद्र मुलींना घेते काय? आणि तेथे मराठी चालते काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले, आणि वर चार कोकणी वाक्येही शिकविली. ती तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागणारे पत्र आम्ही पत्ता मिळवून त्या केंद्राकडे धाडले आहे. हा अंक छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नाही.